पावसाच्या वहीतली कोरी पानं

मित्रांनो, मी एक जुना पर्जन्यमापक आहे. पाऊस मोजणं हे माझं काम, पण मोरगावजवळच्या आमच्या वाडीत वर्षातले बहुतेक दिवस माझं पोट रिकामंच असतं. त्याची मला कधी लाज वाटली नाही.

पुण्याच्या एका कारखान्यात मी घडलो आणि एसटीच्या टपावरून इथे आलो. वाडीतल्या दत्तोबांनी मला शाळेच्या आवारात बसवलं. रोज सकाळी साडेआठला ते माझं नरसाळं काढून आत डोकावत आणि थेंब नसला तरी वहीत शून्य लिहीत. लोक हसत. मला मात्र तो माझा मान वाटे.

दत्तोबांना दिसेनासं झालं, तेव्हा वही त्यांच्या सुनेकडे, कौसल्याकडे आली. बाई कामाला वाघ, पण तिचं म्हणणं एकच, "पाऊसच न्हाय तर लिवायचं काय? मोबाईलवर दिसतंय की समदं." श्रावणात तिने यायचंच सोडलं. नरसाळ्यात कोळ्याने जाळं विणलं. मला फार वाईट वाटलं.

त्याच महिन्यात वाडीची विहीर आटली. लोकांनी टँकर मागितला, म्हणून तालुक्याच्या कचेरीतून मोना मॅडम पाहणीला आल्या आणि त्यांनी वही उघडली. पानं कोरी.

"शून्य लिहिलं असतं, तर पाहिलं आणि पाऊस नव्हता, असं कळलं असतं. हे तर ब्लँक आहे. म्हणजे कुणी पाहिलंच नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग आता भरते की समदी शून्यं," कौसल्या म्हणाली.

"न बघता लिवलेलं शून्य खोटं असतं, पोरी," दत्तोबा म्हणाले.

मॅडमनी त्या दिवसापासून पुढच्या पंधरा दिवसांच्या नोंदी मागितल्या; त्या पाहूनच टँकर मंजूर होणार होता.

ते पंधरा दिवस कौसल्या लांबच्या विहिरीवरून हंडे वाहत होती. पाण्यावाचून तडफडणाऱ्या शेळ्या तिने डाळज गावी भावाकडे धाडल्या आणि माझ्याजवळ येऊन रडली. तरी साडेआठची वेळ चुकली नाही. नवव्या दिवशी ढग दाटून आले, पण बरसले नाहीत. शून्य लिहिताना तिचा हात क्षणभर अडला, इतकंच.

सोळाव्या दिवशी टँकर आला. तिची छकुली आनंदाने माझ्यात तांब्याभर पाणी ओतू लागली, तशी कौसल्या ओरडली, "नगं वतू! उद्या खरं लिवायचं हाय."

मित्रांनो, रिकाम्या भांड्यातही रोज डोकावत जा. दुसऱ्या दिवशी साडेआठला कौसल्या आली. माझ्या पोटात काहीच नव्हतं. ते तिने वाकून, नीट पाहिलं, शून्य लिहिलं आणि घराकडच्या, शेळ्यांच्या रिकाम्या दाव्यांकडे बघत वही मिटली.