चवळीच्या बारा ओळी

तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका वेचून ज्यानं पोट भरलं, त्याच्यावर छपन्नाव्या वर्षी किडे वेचायची वेळ आली. छापखान्याला टाळं लागलं, तसा हा मुद्रितशोधक एक बॅग आणि दोन चष्मे घेऊन थोरल्या बहिणीकडे राहायला आला. बायको नाही, मूल नाही, आणि आता कामही नाही.

ताईच्या घरामागं जमिनीचा एक तुकडा होता. कुंपणापलीकडचा शेजारी तो कसायला मागत होता. त्याच्या पाठीवर सदानकदा औषधाचा पंप असायचा, म्हणून सगळे त्याला फवारेवाला म्हणत. माणूस वाईट नव्हता. ताई सत्तरीला टेकलेली, गुडघे जिना बघूनच रडायला लागत. ती देऊनच टाकणार होती. पण हा मध्ये पडला. औषध न मारता शेती शिकवणारा एक वर्ग आठवड्यातून दोनदा भरतो, मी शिकतो म्हणाला.

ताई म्हणाली, "बारा ओळी चवळी लाव. शेंगा धरल्या तर जमीन तू कर, नाही धरल्या तर तो करेल. फार दिवस वाट बघणं आता मला झेपत नाही रे."

ही जमीन गेली तर सकाळी उठून करण्यासारखं त्याच्याकडे काहीच उरणार नव्हतं. हे दोघांनाही माहीत होतं.

वर्गात शिकवणारी बाई त्याच्या निम्म्या वयाची होती. बाई सांगत: माती उघडी ठेवू नका, एका पिकाशेजारी दुसरं लावा, शेजारच्या शेतातलं औषध वाऱ्यानं आपल्याकडे येतं तेव्हा मध्ये झुडपांचं दाट कुंपण हवं, कुठलाही किडा मारण्याआधी ओळखा. तो सगळं सुंदर अक्षरात उतरवून घेई. फळ्यावरची वेलांटी चुकली तर बाईंना सांगेही. पण सकाळपासून पालापाचोळा ओढून, शेणखत कालवून, बादल्या वाहून तो वर्गात यायचा तेव्हा अंगात त्राण नसायचं. एके दिवशी बाईंनी चित्रं दाखवायला खोलीत अंधार केला आणि याचा डोळा लागला. बाक रिकामे झाले तेव्हा कुणीतरी खांदा हलवून उठवलं. काय बुडालं ते त्यानं विचारलं नाही. या वयात वर्गात घोरलो हे कुठल्या तोंडानं सांगणार?

मग चवळीवर मावा पडला. कोवळ्या शेंड्यांवर काळ्या चिकट किड्यांची नुसती दाटी. त्या दाटीत आणखी एक जात फिरताना दिसली: लांबट, काटेरी, अंगावर नारिंगी ठिपके. तोंडावरूनच बदमाश. तीस वर्षांची सवय. वेगळं दिसलं की काढून टाकायचं. रोज सकाळी डोळ्यांत तेल घालून तो एकेक ठिपकेवाला उचलायचा आणि साबणाच्या पाण्याच्या बाटलीत टाकायचा. आठ दिवसांत आठ ओळी साफ केल्या. चहा घेताना ताईलाही बाटली दाखवली, "हे असं दिसलं की समजायचं, हाच चोर."

मावा मात्र वाढतच गेला. आपण कमी वेचतोय, असं त्याला वाटलं.

त्या दिवशी तो बाटली घेऊन मोठ्या ऐटीत वर्गात गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाईंनी बाटली उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काका, ही ढालकिड्याची पिल्लं आहेत. तो लाल, गोल, ठिपक्यांचा किडा असतो ना, तो लहानपणी असा दिसतो. मावा खाऊन खाऊन मोठा होतो. आपण चित्रं बघितली होती की."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.

"मी झोपलो होतो," तो म्हणाला.

"काही उरलीत का?"

"शेवटच्या चार ओळींना अजून हात लावला नाही."

"मग लावूच नका. तिथून पसरतील. पंधरा दिवस धीर धरा."

चार ओळी! घरी येईस्तोवर तो मनात तेच घोकत होता. पाय भरून आले होते, तरी भरभर उचलत होता. लाज वाटत होती, पण जीवात जीव होता.

मागच्या दारी आला तर ताई शेतात. बसायला पाट, हातात काचेची बरणी, कपाळावर घाम. पोटच्या पोराकडे बघावं तशी त्याच्याकडे बघून हसली.

"आलास? तू गेल्यापासून बसलेय. तीन ओळी केल्या बघ. रोज मरगळून येतोस, म्हटलं आज तेवढंच तुझं ओझं हलकं. शेवटची राहिली, गुडघ्यानं दगा दिला."

बरणी तळापासून वरपर्यंत काळी-नारिंगी झाली होती. काही हलत नव्हतं.

गप्प राहावं असं त्याला फार वाटलं. पण तो तिच्यासमोर मातीतच बसला आणि सगळं सांगितलं. चोर नव्हते, राखणदार होते. पद्धत चुकली नाही, मी चुकलो, आणि तुलाही चुकीचं शिकवलं.

ताई बरणीकडे बघत राहिली. "इतका वेळ राखणदार मारत बसले होय मी?"

"तू नाही, मी."

तारेच्या कुंपणाशी फवारेवाला येऊन उभा होता. कधीचा उत्तराची वाट बघत होता. त्यालाही पेरणीची घाई होती. ताईनं त्याच्याकडे पाहिलं, मग मावा चढलेल्या शेंड्यांकडे.

"आणखी किती दिवस म्हणतोस?"

"पंधरा. आता जास्तच लागतील."

"नको रे. मी थकले. तूही थकलायस, आरशात बघ एकदा." तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. "त्याला हो म्हणते. पण ही शेवटची ओळ तुझी. तिच्यावर औषध मारायचं नाही, असं मी त्याला बजावून सांगते. मग तर झालं?"

वारा फवारेवाल्याच्या बाजूनं येत होता. ती ओळ आणि त्याचा पंप यांच्यामध्ये एक झुडूपसुद्धा नव्हतं. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. काहीतरी वाचवून दिल्याचं समाधान तिथं दिसत होतं.

"पुष्कळ झालं, ताई," तो म्हणाला, आणि तिला उठायला हात दिला.