पिशवीतला फोन

आमच्या घरात फोनचं वेड तिघांनाही आहे, पण कळस गाठला तो आमच्या ह्यांनी. लेक निदान घास घेताना ताटात बघते. हे तर पाण्याच्या तांब्याला फोन टेकवून ठेवायचे आणि जेवण संपेपर्यंत त्यात डोळे घालून बसायचे. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस, लाकडावरची रेघ सोडून कशाकडे इतकं टक लावून पाहिलं नसेल. माझ्याकडे तर नाहीच नाही.

मी शिवणकाम करते. उरलेल्या अस्तराची एक पिशवी शिवली, तोंडाला नाडी ओवली आणि फर्मान काढलं: जेवायला बसण्याआधी सगळ्यांचे फोन ह्यात. लेकीने कुरकुर केली. हे मात्र फोन टाकताना जरा घुटमळले. पिशवी मी माझ्याच खुर्चीला अडकवायची, उगाच चोराच्या हाती किल्ल्या नकोत.

त्या दिवसापासून ह्यांची वाचाच बसली. आधी फोनमध्ये असूनही माझ्या बोलण्यावर खुसखुसायचे, मध्येच लेकीची फिरकी घ्यायचे. आता मान खाली, चार घास, की उठले. शेवटी माझं डोकं फिरलं. फोन काढून घेतला म्हणून एवढ्या मोठ्या माणसाने पोरासारखं रुसून बसावं? हे हात धुवायला गेले तरी माझ्या तोंडाचा पट्टा चालूच होता.

ताटं उचलताना धक्का लागून पिशवी पडली आणि ह्यांचा फोन बाहेर आला. चालूच होता. त्यावर माझंच बोलणं आपोआप लिहून आलेलं, एकाखाली एक. "ह्यांना माझ्यापेक्षा तो फोन प्यारा." "रुसले तर रुसले." त्याखाली लेकीचं, "आई, जाऊ दे ना."

लेकीने वाचलं आणि हळूच म्हणाली, "आई, बाबांना ऐकू येत नाहीये."

ह्यांची उभी हयात करवतीच्या यंत्राजवळ गेलेली. कारखान्यात त्या आवाजात कुणीच कुणाचं ऐकत नाही, आणि घरी मी उत्तरासाठी कधी थांबले? इतके दिवस हे फोनमध्ये आम्हालाच वाचत होते, आणि तो मीच काढून घेतला होता.

हे हात पुसत आले. मी फोन पुन्हा तांब्याला टेकवला आणि विचारलं, "मला सांगितलं का नाहीत?"

त्यांनी वाचलं. "माझे वडील असेच बहिरे झाले होते. आम्ही हसलो की विचारायचे, काय झालं. मी म्हणायचो, काही नाही, जेवा तुम्ही. दर वेळी पुन्हा कोण सांगणार?" ह्यांनी फोन जवळ ओढला. "मला तुझी बडबड सगळी हवी होती."

माझ्या बडबडीचं कौतुक लग्नानंतर पहिल्यांदाच झालं, आणि नेमकं तेव्हाच मला बोलता येईना.

आता पिशवीत दोनच फोन जातात. काल लेकीने कसलीशी गंमत सांगितली, आम्ही दोघी हसून बेजार. तिने ती इतक्या भरभर सांगितली की त्या फोनलाही झेपली नाही. आमच्या तोंडांकडे बघत ह्यांनी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही, बाबा," लेक हसू आवरत म्हणाली, आणि तिने पटकन जीभ चावली.

मी तिचं ताट माझ्याकडे ओढून घेतलं. "पहिल्यापासून सांग. सावकाश सांग. मग जेव."