उलट्या बाटल्या

चूक माझीच. पहिलेच सांगून टाकतो, मंग तुमाले काय म्हणाचं ते म्हणा.

मी संघपाल, वरोऱ्याचा. जमिनीतून गॅस निघते तिथं जाऊन तो बाटलीत भराचा अन लॅबले पाठवाचा, हे माझं काम. कोळसा खाणीच्या बाजूच्या एका गावात लटारूभाऊच्या आंगणातली बोअर गॅस सोडून राह्यली होती. त्याच्या बायकोनं, रुखमाबाईनं, सकाळी बोअरपाशी पाणी तापवाले चूल पेटवली अन भडका उडाला. चौथ्या दिवशी दवाखान्यात वारली बिचारी.

लोकं म्हणत, लटारूचा गोबरगॅसचा खड्डा पाझरला. तो खड्डा भाऊनं स्वतःच्या हातानं बांधला होता, धुरानं बायकोचे डोळे जाऊ नये म्हणून. मी गेलो तं त्यानं एकच इचारलं, "माह्या खड्ड्यानं मारलं का तिले, का खालच्या कोळशानं? तेवढं सांगा साहेब." बापाच्या वयाचा माणूस मले साहेब म्हणे. कसंतरीच झालं.

ते सांगता येते. दोन्ही गॅस सारखेच पेटतात, पण त्यातला कार्बन दोन वजनाचा असते. शेण कुजून झालेल्या गॅसात हलका जास्त, कोळशातल्यात त्या मानानं भारी जास्त. लॅबची मशीन ते मोजते. म्या बादलीत पाण्याखाली बाटल्या उलट्या धरून बोअरचा गॅस भरला, थोडं पाणी आत ठेवून बुचं मारली, अन ओसरीत उलट्याच ठेवल्या. बुचं जुनी होती. बुचापाशी पाणी राह्यलं का हवा आत येत नाई. हे भाऊले सांगाले पायजे होतं. नाई सांगतलं. जेवाले बसलो.

हात धुवून आलो तं बाटल्या सरळ उभ्या.

"सांडल्या असत्या ना साहेब," भाऊ म्हणे. "सरळ केल्या. पुसूनही ठेवल्या."

एवढ्या मायेनं म्हणे का मले रागावताच आलं नाई. पुन्हा भराले अर्धा घंटा लागला असता. बाहेर अतुल ड्रायव्हर हॉर्न वाजवून राह्यला होता. म्हटलं, जाऊ दे, चालून जाईन. वरून जातानी भाऊले सांगतलं, "काम झालं, आता बोअर बुजवून टाका, धोका नको." त्यानं दुसऱ्याच दिवशी सिमेंट ओतलं.

महिन्याभरानं लॅबचा कागद आला. बाटल्यांत बाहेरची हवा घुसली, काहीच सांगता येत नाही. अन बोअर तं बंद. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी वाटली.

सांगाले गेलो. खरं सांगतलं असतं तं बाटल्या आपल्याच हातानं बिघडल्या, हे भाऊले कळलं असतं. एक ओझं कमी होतं का त्याच्यावर? म्हणून म्हटलं, "भाऊ, मशीन बिघडली. काही कळलं नाई."

भाऊनं खड्ड्याकडे पाह्यलं. मंग म्हणे, "समजलं साहेब. मशीनलेही तोंडावर सांगाले लाज वाटली असन."

"नाई भाऊ, तसं नाई," म्या म्हटलं.

मंग कसं, हे त्यानं इचारलं नाई, अन म्याही सांगतलं नाई.