टालिया वळायच्या आधी

"हात वर कर."

"केलाय की."

"हा वर? कानापाशीच अडकलाय. मागच्या शनिवारी डोक्याच्या वर जात होता."

"मागच्या शनिवारी एवढा गार वारा नव्हता," लीना म्हणाली आणि तिने हेल्मेट उचललं. म्हणजे विषय संपला.

निनादने वहीत काहीतरी टिपलं. तो ऑस्ट्रेलियात टूवूंबाच्या युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्स शिकवायचा. लग्नाच्या बारा वर्षांत त्याने बायकोला एकदाही 'छान खेळलीस' म्हटलं नव्हतं. टक्केवारी मात्र दर शनिवारी न चुकता सांगितली होती.

लीना इथल्या एका हॉस्पिटलात सोनोग्राफी करायची. दिवसभर उजवा हात लांब करून अनोळखी पोटांवर प्रोब दाबायचा. आणि शनिवारी त्याच हाताने बायकांच्या संघात अमेरिकन फुटबॉल. तोही क्वार्टरबॅक म्हणून : चेंडू घेऊन मागे सरकायचं आणि समोरच्या धिप्पाड बायका अंगावर कोसळायच्या आत तो आपल्या पळणारीकडे फेकायचा. "आठवडाभर दुसऱ्यांच्या पोटात काय आहे ते बघते, शनिवारी माझ्या पोटात काय आहे ते," असं ती पूर्वी ऐटीत सांगायची. गेल्या सीझनला खांदा निखळला आणि सांगणं बंद झालं. पोटात काय आहे ते कळलं होतं. भीती. सर्जनने स्पष्टच बजावलं होतं, पुन्हा निखळला तर प्रोब विसरा.

आज ती नुसती बाकावर बसणार होती. पण दुसरी क्वार्टरबॅक तापाने आडवी. कोचने विचारलं तेव्हा लीनाने नाही म्हणायला तोंड उघडलं आणि "नो वरीज" बाहेर पडलं.

"चाळीस यार्ड जायचा रे माझा थ्रो," ती आता हेल्मेटच्या आतून म्हणाली. "हल्ली पंचविसाला मान टाकतो."

"चाळीस यार्ड टाकलेस किती वेळा? दोन वर्षांत अकरा. झेलले गेले दोन." निनादने पान उलटलं. "बाकी सगळे विसाच्या आतले. ताकदीचं काय लोणचं घालायचंय? तुझी गडबड वेगळी आहे. तू माणूस दिसल्यावर टाकतेस."

"मग काय न दिसता टाकू?"

खरं दुखणं तेच होतं. पुण्यात कॉलेजच्या क्रिकेट टीममध्ये लीना पॉइंटवरून थेट स्टंप उडवायची. पण स्टंप जागचा हलत नाही. इथे पळणारी जिथे दिसते तिथे चेंडू टाकला, तर तो पोचेपर्यंत ती पुढे गेलेली असते. हातात जोर होता तोवर ही चूक झाकली जायची. उशिरा सुटलेला चेंडूही वेळेवर पोचायचा. "शी इज नॉट अ स्टंप, मेट!" असं ओरडून ओरडून कोचचा घसा बसला होता. आता जोर गेला आणि चूक उघडी पडली. पळणारी वळायच्या आधीच, ती जिथे असेल त्या रिकाम्या जागेत चेंडू सोडून द्यायचा. एवढा विश्वास लीनाचा स्वतःच बंद केलेल्या गॅसवरही नसायचा; दोनदा परत जाऊन बघायची.

शेवटचं मिनिट आलं. ब्रिस्बेनवाल्या चौदा, आपण बारा. गोलरेषा अठरा यार्डांवर; तिच्यापलीकडे चेंडू झेलला की सहा गुण.

टालिया हॉस्पिटलात पेशंटच्या ट्रॉल्या ढकलायची आणि इथे वाऱ्यासारखी पळायची. घोळक्यात ती कानाशी येऊन म्हणाली, "उजवा कोपरा. डोन्ट लुक फॉर मी, लीना. आय विल बी देअर."

 ब्रिस्बेनची पंचावन्न नंबरवाली समोर उभीच होती. आधी दोनदा तिने पाडलं होतं, दोन्ही वेळा उजव्या अंगाला. कुठला खांदा दुखरा आहे ते त्या बाईला नक्की कळलं होतं.

चेंडू हातात आला. एक पाऊल मागे, दोन, तीन. उजवीकडून पंचावन्न नंबर सुटली. टालियाची अजून नुसती पाठ दिसत होती. चेंडू पोटाशी धरून खाली बसलं असतं तर खांदा वाचला असता. मॅच गेली असती, पण कोणी चकार शब्द काढला नसता. निनादनेही एक आकडा लिहून वही मिटली असती.

लीनाने रिकाम्या गवताकडे बघून चेंडू सोडला.

मग धडक, आणि मग आभाळ. कुठेतरी लांब आरडाओरडा चालू होता, पण कोणाचा ते कळेना.

"झेलला?" तिने अंगावरच्या बाईला मराठीतच विचारलं.

"शी गॉट इट, मेट," पंचावन्न नंबर उठता उठता म्हणाली.  "यू ओके?"

लीना उजव्या हाताची बोटं हलवून बघत होती. करंगळी हलली. तिच्या शेजारची हलली. अंगठा कुठे आहे तेच समजेना.

रेफरीचे दोन्ही हात वर होते. टालियाचे, कोचचे, सगळ्यांचेच. निनाद रेषा ओलांडून आत पळत येत होता, वही कुठेतरी गवतात पडलेली. दोन्ही हात उंच करून ओरडत होता, "छान! छान खेळलीस गं!"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. लीना कशीबशी उठून बसली आणि हसून तिनेही हात वर केला. डावा.

निनाद थांबला. त्याने आपले दोन्ही हात हळूहळू खाली घेतले.