रुसलेली देवी

"निरुपमाताई, देवीवर हातोडा घालायला मला काय वेड लागलंय?" हंबीररावांनी हात झटकले. "आधी तिला उठवा, मग भिंत पाडतो."

हंबीरराव पाडकामाचे कंत्राटदार. बोलणं असं, की आपणच त्यांच्या पगारावर आहोत. मीही काही कमी नाही म्हणा. विद्यापीठाच्या इस्टेट ऑफिसात मी नावाला क्लार्क, पण साहेबांना नको असलेलं प्रत्येक काम माझ्याच गळ्यात येतं आणि मी ते करून दाखवते. आताचं काम होतं जुनं पंपघर पाडून तिथे स्कूटरचं पार्किंग करायचं.

पंपघराच्या भिंतीत दाराशेजारी देवी होती. तोंड एका बाजूला वळवलेलं, म्हणून सगळे तिला रुसलेली देवी म्हणायचे. दसऱ्याला मेंटेनन्सची माणसं पंपांची पूजा करायची आणि उरलेला शेंदूर हिला फासायची. इतकी वर्षं फासलेल्या शेंदरात नाक-डोळे पार बुजले होते. मांडीशी एक गोळा होता, तो तिचा वाघ.

देवी हलवायची म्हणजे आधी ओटी भरून परवानगी मागायला हवी. मी खण, नारळ, तांदूळ घेतले. सासूबाई म्हणाल्या, "मीपण येते."

"आई, हरणीच्या घरून एवढ्या लांब? उन्हात?"

"मला विधवेला ओटी भरता येत नाही हे खरं. पण तुला धड भरता येत नाही हेही खरं."

शेवटी आणलं रिक्षात घालून. खरं तर मामंजी, बाळकृष्णराव, याच पंपघरात नोकरीला होते. ते गेल्यापासून सासूबाई इथे फिरकल्या नव्हत्या.

मी खण उलगडला तोच सासूबाईंनी माझा हात धरला. देवीजवळ गेल्या. तोंडाकडे नाही, त्या वाघाकडे बघत राहिल्या. मग बोटांनी तो चाचपला आणि हसायलाच लागल्या.

"अगं, हा वाघ कुठला! हा डबा आहे. ही बघ कडी."

"कसला डबा?"

"ह्यांचा! आणि ही देवीबिवी नाही. ही मी आहे."

हंबीरराव माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्या एका गुजराती मजुराने सासूबाईंना 'हे काय बोलताय आजी' अशा सुरात विचारलं, "बा, आ शुं बोलो छो?"

सासूबाईंनी पायरीवर बसून सांगितलं. लग्न नवं होतं. दुपारी डबा घेऊन यायच्या. पंप सुरू असताना बाहेरच्या माणसाला आत मनाई, म्हणून दाराची कडी वाजवून भिंतीशी बसून राहायच्या. कलेचा एक दाढीवाला विद्यार्थी रोज बघायचा. एक दिवस म्हणाला, वहिनी, अशाच बसा. महिनाभर सिमेंट थापत होता. "मग एका उन्हाळ्यात भिंतीला चुना मारायला घेतला. मला वाटलं, मीपण गेले चुन्याखाली. त्या उंचवट्याची पुढे कुणी देवी करेल, हे कुठे ठाऊक!"

"आई, कुणाला बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? भिंतीवर माझं चित्र आहे म्हणून?"

मला पटकन कळलं, काय होऊन बसलंय ते. मी त्यांना बाजूला घेतलं. "आई, देवी म्हणून ती वाचेल. बाई म्हणून आजच फुटेल. गप्प बसा ना जरा."

मागे घरात पुराचं पाणी शिरलं, त्यात आमचे सगळे अल्बम गेले. सासूबाईंचा तरुणपणचा एकही फोटो घरात उरलेला नाही. मला ती भिंत हवी होती, अगदी मनापासून हवी होती.

"आणि लोकांनी माझ्या पाया पडायचं?" त्या म्हणाल्या. "ते नाही चालायचं. हंबीरराव, काढा हो तो शेंदूर."

मजूर आधी पुढे होईनात. शेवटी सासूबाईंनीच थापी घेतली, तेव्हा लाजून एकाने ती त्यांच्या हातातून काढून घेतली. शेंदराचं जाड कवच निघालं. आत रुंद कपाळ, कपाळावर मोठं कुंकू, अपरं नाक. रुसवा कसला, ती दाराकडे बघत होती. आत्ता उघडेल म्हणून बघत होती.

"अरे, आ तो बा ज छे!" मजूर ओरडला, ही तर आजीच म्हणून.

मी तिथल्या तिथे साहेबांना फोन लावला. एरवी विचारते, आज सांगितलं. "साहेब, देवी नाहीये. आपल्याच विद्यार्थ्याचं काम आहे आणि फार सुंदर आहे. भिंत पडणार नाही. चार स्कूटर कमी उभ्या राहतील." साहेब जरा कुरकुरले, मग म्हणाले, "ठीक आहे, तेवढी भिंत ठेवा. बाकी सगळं पाडा."

मी जग जिंकल्यासारखी वळले, तर सासूबाईंचं तोंड उतरलेलं.

"दारपण पाडणार?"

"आई, ते दार सागाचं आहे. पाडकामातलं लाकूड हंबीररावांचं असतं, तसंच ठरतं नेहमी."

"मग ती बघणार कुठे?"

हंबीररावांनी दारावरून हात फिरवला, घसा खाकरला. "राहू द्या ताई, दार. घुणच लागलाय त्याला." घुण कुठला! लाकूड खणखणीत होतं.

खण-नारळ माझ्या हातात तसेच होते. देवी नाही, मग ओटी कुणाची? मी सासूबाईंकडे वळले.

"माझी कसली भरतेस, वेडे," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे बोट केलं. "तिची भर. ती सवाष्ण आहे. तिचा नवरा आत पंप चालवतोय."

मी तिच्या सिमेंटच्या मांडीवर, डब्याशेजारी, नारळ ठेवला.