जादा सेकंद

मित्रांनो, घड्याळ म्हटले की तुम्ही काटे शोधता. मला काटे नाहीत, टिकटिकही नाही. मी वेळशाळेतले एक जुने, कपाटाएवढे अणुघड्याळ आहे. लाख वर्षांत सेकंदही चुकणार नाही म्हणून माझे केवढे कौतुक झाले होते!

तरी थांबायची वेळ माझ्यावरच. का, तर पृथ्वीला उशीर होतो! चंद्र समुद्राला ओढतो, भरतीचे पाणी तळाशी घासते आणि तिची गिरकी मंदावते. शंभर वर्षांत दिवस जेमतेम दोन हजारांश सेकंदाने लांबतो, पण थेंबे थेंबे तळे साचतेच. चंद्र मात्र करून सवरून नामानिराळा. वर दरवर्षी दोन बोटे लांब सरकतो. उशीर तिचा, आणि काही वर्षांनी जादा सेकंद घालून थांबवायचे मला! चोर सोडून संन्याशाला फाशी.

सेकंद घालणारे काका आमचे मुख्य तंत्रज्ञ. त्यांचा शिरस्ता ठरलेला: आधी काम, मग चहा, मग वहीत नोंद. एका सकाळी ते सेकंद घालून चहाला गेले. त्यांच्या हाताखालच्या ताईला वही कोरी दिसली. "काका विसरले वाटतं," म्हणत तिने आणखी एक सेकंद घातला आणि नोंद केली. काका परतले. आपली नोंद ताईनेच उरकली असे समजून त्यांनी खाली सही ठोकली!

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब म्हणाले, "सेकंदभर मागे? म्हातारं झालंय हे. भंगारात काढा."

ताईने माझ्यावर 'बाद'ची पट्टी चिकटवली. माझा नुसता संताप झाला. अहो, माझी चूक अख्ख्या सेकंदाची कधीच नसते. एवढी मोठी चूक फक्त माणसालाच जमते!

भंगाराची गाडी दारात आली. काका उसासा टाकून म्हणाले, "शेवटची नोंदही तूच केलीस याची. मी सेकंद घातला आणि चहाला गेलो."

ताई चपापली. "तुम्ही घातला? काका, मीपण घातला होता!"

काका धावत दाराशी गेले. गाडी रिकामी परत गेली.

"राहू दे कोपऱ्यात," साहेब म्हणाले. "नवं आलंय आता."

ताईने माझा सेकंद दुरुस्त केला, पट्टी सोलून काढली. गोंदाचा डाग मात्र राहिला. मित्रांनो, कोणाला मागे पडलेला ठरवण्याआधी आपण त्याला किती वेळा थांबवले, तेवढे आठवून पाहा. मी अजूनही अचूक चालते आहे. वेळ मात्र कोणी विचारत नाही.