पहिला हक्क

जालिंदरने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि सांगलीहून आलेला करार बोट ठेवून पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. समोर बाळासो शेठ पेन उघडून बसले होते. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून गेले होते.

"आवं सर, तीन दिसांत अक्षरं बदलत्यात व्हय?" शेठ म्हणाले. "सांगलीवाल्यांनी जेवढा आकडा लिवलाय, तेवढाच आपण लिवायचा, खाली सही ठोकायची, की पोरगी आपली. पाचच्या आत."

लीगचा नियमच तसा होता. ज्या बास्केटबॉल संघाने खेळाडू घडवली, तिचा करार संपला तरी तिच्यावर पहिला हक्क त्या संघाचा. दुसऱ्या संघाने लेखी बोली लावली आणि खेळाडूने ती स्वीकारली, की जुन्या संघाला तीन दिवस मिळायचे. तेवढ्यात त्याने त्याच रकमेची बरोबरी केली तर खेळाडूने जुन्याच संघात राहायचे. गप्प बसला तर ती मोकळी.

मलकापूरच्या संघाचे मालक असलेले बाळासो शेठ ट्रॅक्टर विकता विकता या खेळात शिरले होते. बास्केटबॉलमधले त्यांना फारसे कळत नसे, पण बोलीतले त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. बरोबरी पहिल्याच दिवशी करता आली असती. त्यांनी मुद्दाम केली नाही. सांगलीकरांचे पैसे तीन दिवस त्या एका बोलीत अडकून पडतात, त्यांना दुसरी खेळाडू घेता येत नाही, आणि चौथ्या दिवशी बघावे तर चांगल्या मुली कुठे कुठे जाऊन बसलेल्या असतात. या धाकानेच या करारातल्या पोरीला, राजनंदिनीला, आजवर कुणी विचारले नव्हते. मलकापूरवाले सोडणार नाहीत, मग आपण कशाला हात अडकवून घ्यायचे, असे सगळे म्हणत. सांगलीने यंदा धाडस केले होते.

"सही तुमीच करा." शेठनी पेन कागदावर ठेवले. मालक किंवा प्रशिक्षक, कुणाचीही सही लीगला चालायची. "पोरगी तुमी घडवलीया. सही करा, फोटो काढून धाडून द्या. मला कराडला जायाचंय."

ते गेले, आणि जालिंदर पेनाकडे बघत बसला.

प्रशिक्षक म्हणून त्याला सगळे स्वच्छ दिसत होते. राजनंदिनी ज्या जागेवर खेळायची, त्याच जागेवर कप्तान पूजा खेळायची, आणि पूजाचे पाय अजून चार वर्षे तरी थकणार नव्हते. सामन्याचा निकाल लागल्यात जमा झाला की शेवटची काही मिनिटे राजनंदिनीच्या वाट्याला यायची. सांगलीत ती पहिल्या शिट्टीपासून मैदानावर असती. पण माणूस म्हणून विचाराल, तर तिने जावे असे त्याला मुळीच वाटत नव्हते. बारा वर्षांची असल्यापासून त्याने तिला चेंडू धरायला शिकवले होते. परवा त्याने फोनवर विचारले, "तुला काय वाटतं गं?" ती म्हणाली, "तुमी म्हणाल तसं, सर." त्यापेक्षा ती भांडली असती तर त्याला बरे वाटले असते.

त्याने कागदाची घडी खिशात घातली आणि मोटारसायकलला किक मारून राजनंदिनीच्या गावची, कडेगावची वाट धरली.

तिचे आजोबा आकाराम आप्पा सोप्यात खाटेवर बसले होते. ऐंशी वर्षांचा माणूस, पण पाठ अजून ताठ. जालिंदरला बघून त्यांनी खाटेवर जागा करून दिली.

"या हवालदार. झाली न्हवं सही?"

राजनंदिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली. सहा फुटाला दोन बोटे कमी असलेली ती पोर चौकटीतून वाकून बाहेर आली, तांब्या ठेवला आणि मान वर न करता भिंतीला टेकून उभी राहिली. तिची आजी लीलाबाई उंबऱ्याशी शेंगा फोडत बसल्या होत्या.

या घरात त्याला 'हवालदार' म्हणायला लागून नऊ वर्षे झाली होती. त्याआधी आप्पा त्याला नुसते 'जालिंदर' म्हणत, तेही लांबून. तो नुकताच फौजेतून सुटून आलेला, शाळेच्या मैदानावर पोरांना बास्केटबॉल शिकवत होता. राजनंदिनीची उंची बघून तो इथे आला, तर आप्पांनी सरळ सांगितले, हिचा बाप फौजेत, लडाखला, भांगलायला माणूस नाही, पोर खेळायला गेली तर रान कोण बघणार? जालिंदर म्हणाला, "सावड करू. तुमची पोर एक दिवस माझ्या मैदानात, मी एक दिवस तुमच्या उसात."

सावड बरोबरीच्या शेतकऱ्यांत होते. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. जालिंदरचे घर याच गावच्या बौद्धवाड्यातले. त्या घरातली माणसे या घरच्या रानात पिढ्यानपिढ्या मजुरीला आली होती, सावडीला कुणी कधी आले नव्हते. शेवटी आप्पा म्हणाले, "चालंल. सावडच." आणि दुसऱ्या दिवशी फौजेतला हवालदार खुरपे घेऊन बायकांच्या ओळीत पात धरून बसला. गाव पोट धरून हसले. पहिल्या दिवशी त्याने तणाबरोबर उसाचे कोंबही उपटले, तेव्हा लीलाबाईंनी त्याच्या हातावर चापट मारून खुरपे कसे धरायचे ते दाखवले. तीन वर्षे, राजनंदिनीचा बाप सुटून घरी येईपर्यंत, त्याने ती सावड चालवली.

"सही न्हाई केली अजून," जालिंदर म्हणाला.

आप्पांच्या भुवया वर गेल्या.

"मग बसलाय कशाला? आवं, ती सांगलीच्या कागदाला हात लावत नव्हती. मीच म्हनलं, कर सही, तुजं मोल तरी कळंल, हवालदार काय तुला सोडत न्हाईत. आता तुमी सोडलीसा तर गाव काय म्हणंल? तुमची सावड ठेवून आकारामची नात पळाली म्हणंल. तीन वर्सं राबलायसा आमच्या रानात. ती फिटस्तवर तिनं तुमच्याकडंच खेळायचं."

जालिंदरला मग सगळा उलगडा झाला. म्हाताऱ्याने लीगच्या नियमाला सावडीचा नियम लावला होता, आणि पोर त्या दोन नियमांच्या मधे उभी होती. तिने सही केली होती ती आपण राहणारच या खात्रीने.

"नंदे, इकडं बघ," तो म्हणाला. "आप्पांकडं न्हाई, माझ्याकडं. तुला खेळायचंय का?"

तिने तरीही आधी आजोबांकडे बघितले. मग म्हणाली, "व्हय सर. लय खेळायचंय. बाकावर बसून पाय दुखत्यात माझं."

लीलाबाईंचा शेंगा फोडणारा हात थांबला.

"आप्पा," जालिंदर म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "सावड कवाच फिटली. फौजेतनं आलो तवा सकाळी पाचला जाग यायची, आन् उठून कुटं जायाचं ते कळायचं न्हाई. सतरा वर्सं बिगुलावर उठलेला माणूस मी. अंथरुणात डोळे उघडं ठेवून पडायचो. ही पोर पाचला मैदानात येऊन उभी ऱ्हायची, थंडी असू दे, न्हाईतर ताप. म्हणून मी उठायचो. तुमी मला रानात घेतलं, पातीला बसवलं, ह्याच खाटेवर बसवलं. आणिक काय फिटायचं ऱ्हायलं? मीच तुमचं देणं लागतो."

आप्पांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि पुन्हा डोक्यावर घातली. मग बायकोला म्हणाले, "चा टाक की. माणूस मलकापूरवनं आलाय."

चहा आला. दोघांनी तो बशीत ओतून, फुंकर घालत, कसलीही घाई नसल्यासारखा घेतला. कागद जालिंदरच्या खिशातच होता. पाच वाजले तेव्हा कुणी घड्याळाकडे बघितले नाही, पण सगळ्यांनाच ते कळले.

पाच मिनिटांनी शेठचा फोन आला.

"धाडला का कागद?"

"न्हाई शेठ. न्हाई झाली सही माझ्याच्यानं."

पलीकडे शेठनी कुणाला तरी ट्रॅक्टर बंद करायला सांगितले.

"मला ठेवायचीच असती," शेठ म्हणाले, "तर दुसऱ्याच्या हातात पेन दिलं असतं व्हय मी? सांगलीला तुमीच कळवा. मला न्हाई जमायचं." आणि त्यांनी फोन ठेवला.

ते आधीपासून शेठच्या मनात होते, की मान राखायला आत्ता सुचले, हे जालिंदरला ठरवता येईना. कसेही असो, माणूस चांगला निघाला. त्याचा ऊर भरून आला, आणि त्याने ते लपवायचा फारसा प्रयत्नही केला नाही.

राजनंदिनी त्याला मोटारसायकलपर्यंत सोडायला आली. तिचे डोळे लाल झाले होते.

"सर, आता मी तुमच्याइरुद्ध खेळायचं?"

"मग? पहिला सामनाच सांगलीशी हाय. पूजा तुझ्यावरच असंल. आन् ऐकून ठेव, मी तिला सांगणार हाय की हिला डावीकडं ढकल. डाव्या हातानं चेंडू नेताना तू खाली बघतीस."

तिने डोळे पुसले.

"सामन्याला अजून दोन महिनं हायत, सर," ती म्हणाली. "मग मला आत्ताच कशापायी सांगताय?"

जालिंदर एकेक खिसा चाचपत मोटारसायकलची किल्ली शोधू लागला. किल्ली गाडीलाच होती.